पन्नासावा फॉर्म

'कामगारांचे समाधान' हा तिच्या प्रोजेक्टचा विषय. सरांनी सर्वेक्षणाचे पन्नास फॉर्म चाळून एक बाजूला काढला.

"बाकीचे ठीक आहेत. हा मात्र तू घरी बसून रंगवलेला दिसतोय. सव्वीस वर्षं यंत्रापुढे उभा असलेला माणूस, काय बदल हवा विचारल्यावर, नुसतं 'बसायला स्टूल' लिहील? पटेल असं काहीतरी आण."

संध्याकाळी पाळीवरून आलेल्या बाबांपुढे तिने तोच फॉर्म पुन्हा ठेवला. बाकीचे एकोणपन्नास पेनं बदलून बदलून तिनेच भरले होते.

"बाबा, स्टूल सोडून दुसरं काहीतरी मागा ना."

बाबा पाय चोळत होते.

"खुर्ची मागितली तर चालेल का गं?"