चुकीचं निदान

अर्धांगाचा झटका आल्यापासून तीन महिने उस्तादांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. जन्मभर नुसत्या आवाजावरून गाड्यांची दुखणी ओळखणारा माणूस खिडकीशी मुकाट बसून असायचा. काकूंनी नवऱ्याची विनवणी केली, भांडूनही पाहिलं. सगळे उपाय थकले.

आता एकच आशा उरली होती. उस्तादांच्या जुन्या चेल्याने त्यांची चाळीस वर्षं जपलेली गाडी ढकलत खिडकीखाली आणली आणि किल्ली फिरवली. स्टार्टर जोरात घरघरला, पण गाडी काही सुरू होईना. दहा वेळा झालं. खिडकीत पापणीही हलली नाही. काकूंचा धीर सुटत चालला.

“काकू, बॅटरी पार उतरलीय,” चेला मोठ्याने म्हणाला.

खिडकीतून अडखळत आवाज आला, “गा… गाढवा… स्टार्टर फिरतोय ना… मग बॅटरी… कशी उतरेल?”

चेल्याने बाहीला डोळे पुसले आणि हळूच विचारलं, “काकू, तुम्ही काढून ठेवलेली कॉइलची वायर जोडू का आता?”



“इतक्यात नको रे. अजून दोन शिव्या देऊ देत त्यांना.”