खराब प्रती

"नाहीये. कुठेच नाहीये!" बाबा ओरडले. त्यांनी तोच फोल्डर पुन्हा उघडला. रिकामा. बंद केला, परत उघडला, जणू मधल्या वेळात कोणी आत काही आणून ठेवणार होतं! मग गर्रकन खुर्ची फिरवून त्यांनी लेकीला विचारलं, "काल काय उद्योग केलास तू?"

लेक बिचारी भलं करायला गेली होती. डिस्क भरली, डिस्क भरली म्हणून बाबांची कुरकुर चालली होती. बाबा बाहेर गेल्यावर तिने कॉम्प्युटरला दुहेरी गाणी शोधायला लावलं, प्रत्येक गाण्याची स्वच्छ प्रत ठेवली आणि बाकीची पुसून टाकली. आई शेजारी बसून बघत होती. "असं निवडायचं, असं पुसायचं. सोपंय की नाही?" असं म्हणत लेकीने तिला हौसेने शिकवलंही होतं.

"अहो बाबा, एकच गाणं दोनदा होतं. मी फक्त खरखरवालं काढलं."

"ती खरखर नव्हती! ती तुझी आई होती!"

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असणार तरी कसं? बाबांनी कोणाला सांगितलं होतं?

बाबा जन्मभर एका गोदामाचे स्टोअरकीपर. नटबोल्टलासुद्धा चिठ्ठी लावल्याशिवाय चैन न पडणारा माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायचं मनावर घेतलं. टेपरेकॉर्डरला वायर जोडायची असते हे कोणाला विचारतील तर शपथ. त्यांनी टेपसमोर माइक ठेवला आणि बटण दाबलं. बरं, शहाण्याने दार तरी लावून घ्यावं! तेही नाही. आत स्वयंपाकघरात आई भांडी घासता घासता प्रत्येक गाण्यावर गात होती. गाणं संपलं की तिथूनच हाक मारायची, "अहो, ऐकताय ना? तेवढा गॅस बारीक करा." ते सगळं गाण्यांबरोबर भरलं गेलं. पुढे कोणीतरी वायरचं शिकवलं, तेव्हा बाबांनी सगळ्या कॅसेट नव्याने स्वच्छ भरून घेतल्या. जुन्या फायली एका फोल्डरात टाकल्या आणि त्याला नाव दिलं 'खराब प्रती'. स्टोअरकीपरच तो, टाकून कसं देणार?

मग आईचा घसा धरला. औषधं झाली, तपासण्या झाल्या, शेवटी ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज गेला तो कायमचा.

तेव्हापासून बाबांचं एकच. सकाळी उठायचं, कानाला हेडफोन लावायचे, डोळे मिटायचे आणि 'खराब प्रती' ऐकायच्या. हेडफोनमधली आई विचारायची, "अहो, ऐकताय ना?" आणि बाबा मोठ्याने म्हणायचे, "ऐकतोय गं, बोल." त्यांच्या पाठीमागे आई चहा घेऊन उभी असायची. बशीवर चमचा वाजवायची. एकदा, दोनदा. मग चहा टेबलावर ठेवून निघून जायची.

दवाखान्यातून येताना डॉक्टरांनी एक यंत्र दिलं होतं. दाढीच्या मशीनएवढं. ते गळ्याला लावायचं आणि ओठ हलवायचे, की त्यातून शब्द निघतात. आईने तिथेच एकदा लावून बघितलं होतं. बाबांचा चेहरा असा काही उतरला की विचारू नका. "राहू दे गं," ते म्हणाले होते, "हा काय तुझा आवाज आहे? तुझा आवाज मी जपून ठेवलाय." यंत्र खोक्यात गेलं, खोकं आईच्या कपाटात. पुढे घरात आई बोलायची ती हाताने आणि डोळ्यांनी. लेक लांबच्या गावी राहायची, आत्ता चार दिवसांसाठी आली होती; तिने तर ते यंत्र बघितलंही नव्हतं.

आता ती रडवेली होऊन उभी होती. "बाबा, दुसरी डिस्क असेल ना? तुम्ही तर सगळ्याच्या दोन दोन ठेवता."

बाबा ताडकन उठले. असं कसं विसरलो! आईच्या कपाटातल्या कपड्यांखालून त्यांनी दुसरी डिस्क काढली आणि जोडली. सगळं जागच्या जागी होतं, नावानिशी, ओळीने. शेवटी 'खराब प्रती'. बाबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी फोल्डर उघडला.

रिकामा.

"हीसुद्धा पुसलीस?" त्यांचा आवाज चिरकला. "काय वाकडं केलं होतं गं मी तुझं?"

"बाबा, देवाशपथ, मी हिला हात नाही लावला. ही कुठे असते तेच मला आत्ता कळलं."

ती डिस्क कुठे असते हे घरात आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. बाबा सावकाश मागे वळले.

आई दारात उभी होती. आज तिच्या हातात चहा नव्हता. खोकं होतं. तिने ते उघडलं, यंत्र गळ्याला लावलं. घरघर झाली.

"ही मी पुसली," यंत्रातून सपाट, घोगरा, कोणाचाच नसल्यासारखा आवाज आला. बाबांनी डोळे गच्च मिटून घेतले. आई दोन पावलं पुढे आली आणि त्यांच्या गळ्यातले हेडफोन काढून तिने टेबलावर ठेवले.

"अहो, ऐकताय ना?"