बिनमिठाचं थालीपीठ

स्वामींनी बाकीच्या घरांची भाकरी तशीच खाल्ली. मग झोळीतलं थालीपीठ काढून कृष्णेच्या पाण्यात चांगलं खळबळलं आणि तो लगदा तोंडात घातला.

"द्वारकावहिनी, तुमचा लेक माशांना जेवू घालतोय हो!" घाटावर धुणं धुणारी शेजारीण हसली.

द्वारकाबाईंनी वरच्या पायरीवरून ते पाहिलं. तरुणपणीच संन्यास घेऊन गेलेला मुलगा यंदा चातुर्मासाला गावच्या घाटावर उतरला होता. तो घरात पाऊल टाकणार नव्हता, पण भिक्षेला दारात येत होता. त्याला आवडतं म्हणून त्या रोज भाजणीचं थालीपीठ लावत होत्या.

त्या तरातरा पायऱ्या उतरल्या. चारचौघांसारखं 'स्वामी' म्हणायचं भानही राहिलं नाही. "माझ्याच हातचं का रे धुतोस? एवढं वाईट होतं?"

"आई, दुसऱ्यांच्या अन्नानं नुसतं पोट भरतं," तो खाली बघत म्हणाला. "तुझ्या हातची चव जिभेवर आली की पाय घराकडे ओढ घेतात. मग साधना कसली?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी थालीपीठात मीठ घातलं नाही, तिखट नाही, तीळसुद्धा नाहीत. झोळीत घालताना म्हणाल्या, "आज धुवायला नको. यात काही ठेवलेलं नाही."

घाटावर त्याने ते तसंच मोडून घास घेतला. चावता चावता थांबला. मग उरलेलं हातात धरून पाण्यात खळबळायला गेला.

वरच्या पायरीवर बसलेल्या द्वारकाबाईंना कितीतरी वर्षांनी पोटभर जेवल्यासारखं वाटलं.