कोळीवाड्यातला उतार

“दाबा, मामा,” मैना व्हॅनखालून म्हणाली.

वर चालकाच्या आसनावर बसलेल्या तिच्या सासऱ्यांनी, काशिरामांनी, ब्रेकचे पेडल दाबले. ते पुन्हा तळाला जाऊन टेकले. चिखलात पाय रुतावा तसे, मुकाट्याने.

“गेलं खाली,” काशिराम म्हणाले. “तुला सांगत व्हतो. उद्या सकाळी भंगारवाला येतो, देऊन टाकू. तू आपली पाटी घेऊन बस बाजारात, पयल्यासारखी.”

पनवेलच्या कोळीवाड्यातली ती जुनी व्हॅन गेली दोन वर्षे एकटी मैनाच चालवत होती. तिचा पती शिवा टगबोटीवर. सहा-सहा महिने त्याचे घरी येणे होत नसे. पहाटे करंजाच्या धक्क्यावर मासळी भरावी आणि बाजार उघडण्यापूर्वी पनवेल गाठावे, हा तिचा नित्यक्रम. गाडीत वास साचू नये म्हणून तिने तळाच्या पत्र्याला भोके पाडून घेतली होती. खोक्यांतले बर्फाचे खारे पाणी त्यांतून रोज ठिबकून जाई. त्या भोकांच्या नेमक्या खालून ब्रेकच्या नळ्या जातात, हे मात्र तिच्या ध्यानी आले नव्हते. दोन वर्षांच्या खाऱ्या अभिषेकाने नळ्या पोखरल्या आणि काल, गव्हाण फाट्याच्या उतारावर, त्यांतली एक फुटली.

गियर उतरवत, हातब्रेक ओढत तिने गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली. कोणाला खरचटलेही नाही. परंतु न्हावा शेव्याच्या बंदरावर अठरा वर्षे कंटेनरचे ट्रेलर हाकलेल्या काशिरामांनी त्याच संध्याकाळी किल्ली आपल्या कनवटीला लावली. मैनाने हात जोडून एक दिवस मागितला. तेवढा त्यांनी दिला.

मैनाचे माहेर तळोज्याचे. वडिलांच्या लहानशा गॅरेजात पाने हाती देता देता ती वाढलेली. सकाळीच तिने नव्या नळ्या आणल्या, जुन्यांवर धरून त्यांना तसाच बाक दिला, एकेक नट हाताने बसवून मग पान्याने आवळला. पत्र्याची भोकेही बुजवली. आता उरली होती ती नळ्यांत अडकलेली हवा. ती निघाल्यावाचून पेडलात जीव येत नाही. आणि ती काढायला दोन माणसे लागतात. एकाने वर पेडल दाबायचे, दुसऱ्याने खाली चाकामागचा बारीक स्क्रू सैल करायचा. घरात तेव्हा दुसरे माणूस एकच होते.

“कंच्या चाकापासून धरलंस?” वरून प्रश्न आला.

“पुढल्या.”

“तुझ्या बापानं हेच शिकवलं? सगळ्यात लांबचं चाक आधी. हवा मागं दडून बसते.”

बोल झोंबला, पण तो खरा होता. मैना सरपटत मागच्या डाव्या चाकाशी गेली. पारदर्शक नळीचे एक टोक तिने स्क्रूला जोडले, दुसरे तेलाच्या बाटलीत सोडले.

“दाबा.”

“दाबलं.”

“धरून ठेवा.”

स्क्रू फिरला. बाटलीत बुडबुडे उसळले.

“सोडा, मामा.”

असे किती वेळा झाले, ते तिने मोजले नाही. एका चाकाचे बुडबुडे थांबले की ती पुढच्या चाकाकडे जाई. घामात तेल मिसळले होते, कोपर सोलले होते. चौथ्या चाकापाशी नळीतून नुसते स्वच्छ तेल आले. तिने स्क्रू आवळला.

“दाबा.”

वर पेडल कुरकुरले.

“मामा? गेलं का खाली?”

“नाय,” काशिराम म्हणाले. पाय त्यांनी तसाच पेडलावर ठेवला होता. “पन उभ्या गाडीत काय कळतं? उतारावर बघू.” त्यांनी कनवटीची किल्ली काढून आसनावर ठेवली आणि ते खाली उतरले.

दारापासून निघालेली गल्ली तीव्र उताराने थेट खाडीच्या कठड्याशी जाई. एव्हाना गल्ली जमली होती. शेजारची रंभा लिंबू घेऊन आली. दुरुस्त झालेल्या वाहनाने पहिल्या फेरीत लिंबू चिरडावे, म्हणजे दृष्ट उतरते, हा तिथला शिरस्ता. ती चाकाखाली वाकणार, तोच काशिरामांनी लिंबू तिच्या हातून घेतले. उतार उतरून गेले. कठड्यापासून चार हातांवर ते ठेवले आणि स्वतः त्यामागे, कठड्याला पाठ लावून उभे राहिले.

“मामा, बाजूला व्हा,” मैनाने खिडकीतून डोके काढून हाक दिली.

“तू ये.”

तिने गाडी गियरमधून काढली. हातब्रेक सोडला. व्हॅन आपल्याच भाराने निघाली, वेग घेऊ लागली. समोर खाडीचे पाणी, त्याच्या अलीकडे कठडा, त्याच्या अलीकडे पांढऱ्या मिशांचा एक ताठ माणूस. मैनाने पाय रोवला.

पेडल अर्ध्यावर आले आणि दगडासारखे उभे राहिले. चाके करकरली. गाडी थांबली.

रंभा धावत आली, चाकाशी वाकली आणि तिचा चेहरा उतरला. टायर लिंबाला टेकला होता. लिंबू मात्र जसेच्या तसे होते.

“फुटलं नाय गो,” ती हळूच म्हणाली. “हे काय बरं नाय. मैना, जराशी पुढं घे, जाऊ दे वरनं.”

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मैनाचा हात गियरकडे गेला आणि तिथेच अडला. कारण काशिराम चाकापाशी बसले होते. त्यांनी लिंबू अलगद ओढून काढले, धोतराच्या सोग्याने पुसले, उन्हात फिरवून चहूबाजूंनी पाहिले आणि रंभेच्या ओंजळीत ठेवले.

“सरबत कर याचं,” ते म्हणाले, “आनि पयला पेला डायवरला.”