वड्यांखालचं पान

२०१८ सालची गोष्ट. अल्लीपूरचे प्रभाकरराव वांग्याच्या वाडीतून आले की रेडिओवर परमुलखातली स्टेशनं धुंडाळायचे, आणि कोणतं कुठलं ते एका जाड, पानं सुटलेल्या पुस्तकात पाहून ओळखायचे. त्या संध्याकाळी एक अगदी बारीक आवाज लागला. त्यांनी रेडिओच्या काट्याखालचा त्याचा आकडा खडूनं भिंतीवर लिहिला, पुस्तकात तीनदा शोधला. सापडला नाही.

“पुस्तक चुकत नाई, अनुसया. माहे कानच गेले वाटते, नसलेलं आयकू येते.”

“वय झालं आता तुमचं,” त्यांची बायको अनुसयाबाई हसल्या.

दुसऱ्या दिवशी मुगवड्यांचा डबा रिकामा झाला. तळाशी अनुसयाबाईंनीच कधीतरी अंथरलेलं त्या पुस्तकाचं सुटं पान निघालं. त्यावर भिंतीवरचा तोच आकडा होता. पुस्तकाला कोणी हात लावलेला प्रभाकररावांना खपत नसे. आज सांगू, उद्या सांगू म्हणता सांगणं राहूनच गेलं.

प्रभाकररावांनी स्टेशनं धुंडाळणं सोडलं, आणि रेडिओ पुतण्या हेमराजनं नेला. अनुसयाबाई भिंतीला चुना देताना तो आकडा तेवढा सोडतात. प्रभाकरराव तीन वर्षांनी गेले. तोवर धडधाकट कानांत ऐकण्याचं यंत्र घालून बसायचे, आणि बायको काही बोलली की विचारायचे, “खरंच बोलली का तू, का मलेच वाटलं?”