दळणाची नावं

शेवंताने आपल्या तीन वर्षांच्या कृतिकाच्या मनगटावरचा पट्टा सोडला आणि सरळ उपचार केंद्राच्या देवयानी मॅडमच्या हातात दिला.

"घेऊन जा हे."

तालुक्यातल्या प्रत्येक स्वमग्न मुलाच्या हाताला असा पट्टा होता. तो मुलाला निरखायचा आणि रोज सकाळी फक्त त्याच्यापुरता उपचार आखून द्यायचा. आज त्याने कृतिकासाठी आखलं होतं: निरर्थक हुंकार बंद करणे. तेव्हापासून ती हुंकारली की पट्टा थरथरे आणि पोर दचकून गप्प होई.

"ताई, उपचार खास तिच्यासाठीच आहे हो," मॅडम समजावू लागल्या.

"खास? तुम्ही तिला तपासलं तुमच्या बंद खोलीत. माझी पोर या गिरणीत वाढलीय. बसा इथं."

शेवंताने गिरणी बंद केली आणि गिऱ्हाइकांचे डबे पुढे ओढले. कृतिकाने पहिल्याचं झाकण उघडून आत पाहिलं आणि जाड आवाजात हुंकारली.

"ज्वारी," शेवंता म्हणाली.

दुसऱ्या डब्याशी हुंकार बारीक झाला.

"गहू. दळताना गिरणी जशी वाजते, तसं तिनं नाव ठेवलंय. हे निरर्थक? तिला गप्प करायच्या आधी तुम्ही शिका."

मॅडमनी पट्टा पर्समध्ये टाकला. तिसरा डबा उघडला. ज्वारीच होती. इकडेतिकडे बघत त्या कशाबशा हुंकारल्या.

कृतिकाने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांची चूक दुरुस्त करत ती आणखी जाड आवाजात हुंकारली.