फळीची खालची बाजू

कराटे क्लासच्या मोठ्या सरांनी साठी ओलांडली, खांदा कुरकुरायला लागला, तरी वार्षिक कार्यक्रमात एका फटक्यात फळी तोडायचा त्यांचा हट्ट काही सुटेना. त्यांच्याच हाताखाली शिकून आता तिथेच शिकवणाऱ्या मॅडमना भरल्या हॉलमध्ये सरांची फजिती बघवली नसती. म्हणून गेली तीन वर्षं त्या कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यांच्या आधी यायच्या, सरांच्या फळीला खालून करवतीने बारीक खाच पाडायच्या आणि मेण भरून ती बुजवून टाकायच्या. स्वतःच्या फळीला मात्र त्या कधी करवत लावायच्या नाहीत, आणि ती तोडल्यावर दोन दिवस त्यांचे पाय जमिनीवर नसायचे.

यंदा त्या पोचल्या तर सामानाच्या खोलीचं दार आधीच उघडं. आत सर उकिडवे बसलेले, पायाखाली फळी दाबलेली, हातात करवत आणि मिशीला भुसा.

मॅडमना हसू आवरेना. "सर, द्या ती करवत इकडे. तुमची फळी दरवर्षी मीच तर करून ठेवते."

सरांनी करवत खाली ठेवली.

"माझी? अगं, मी तर दरवर्षी तुझी करतो."